उंदीर सोडायची जागा

खांडबाऱ्याच्या बाजारात दाखूबाईंना घाबरट म्हणायला कुणाची जीभ अडखळत नसे आणि त्याही कधी नाही म्हणत नसत. त्या पालीला घाबरत, विजेला घाबरत. फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवत आणि मग नवऱ्याला हाक मारत. रेल्वेचा रूळ ओलांडताना दोन्हीकडे इतक्या वेळा पाहत की मागून आलेली माणसं कंटाळून त्यांना वळसा घालून निघून जात. त्यांचे यजमान चंपालाल शेठ पेठेत किराण्याचं आणि धान्याचं दुकान चालवायचे. ते गिऱ्हाइकांना हसून सांगत, "आमनी शेठाणीनी भीतीवर व्याज लावतू ते आतेपावत बंगला बांधी लेतू."

पण या सगळ्या भीती वरवरच्या. खरी भीती एकच होती, आणि ती त्या लग्नात बरोबर घेऊनच आल्या होत्या: आपल्या हातून कुणाचा जीव जाऊ नये. माहेर मारवाडातलं, जैन घर. दिवा लावताना चिलट जळेल म्हणून दचकणारी ही पोर धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी पडली, आणि धान्य तिथे उंदीर आलेच. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात गोदामातला तारेचा पिंजरा दाखवला. चांगला ऐसपैस, घूससुद्धा मावेल असा. त्या म्हणाल्या, उंदीर मारायचा नाही, धरायचा. धरलेला लांब नेऊन सोडायचा. पुढे त्याचं नशीब. जीव जायचाच असेल तर जाईल, आपल्या हातून जाऊ नये.

तेव्हापासून दाखूबाई रोज सकाळी देरासरात दर्शन घेऊन आल्या की पिंजऱ्यावर जुनी ओढणी टाकून निघत. रूळ ओलांडून पलीकडच्या उतारावर जात. तिथे पळसाची झाडं होती, एक नाला होता आणि खालच्या बाजूला चार-पाच घरं होती. ही जागा त्यांनी स्वतः विचार करून निवडली होती. नुसत्या रानात बिचारा उपाशी मरेल, घराजवळ सोडला तर दोन दाणे तरी मिळतील, असा तो विचार. पिंजऱ्याचं दार उघडून त्या म्हणत, "जा रे बाबा, सुखी ऱ्हाय." आणि लगेच पाठ फिरवत. मागे वळून पाहत नसत. पाहिलं आणि वरून घार आली तर? त्यापेक्षा न पाहिलेलं बरं. अहिंसेचं असं असतं, ती थोडी पाठ फिरवूनच करावी लागते.

या फेरीत त्यांना सोबत असे ती मुनीमची. मुनीम म्हणजे पेठेतला एक तांबडा कुत्रा. दुकानाच्या पायरीवर बसून आलेल्या-गेलेल्याची नोंद ठेवल्यासारखा बघायचा, म्हणून शेठनी ते नाव ठेवलं. मारवाडी घरात कुत्र्याची पोळी वेगळी निघते, तशी याचीही निघायची. फक्त दाखूबाई तिला तूप जरा जास्त लावायच्या. रूळ ओलांडताना तो पुढे जायचा, थांबून मागे पाहायचा, आणि तो पलीकडे पोचला की मगच दाखूबाई पाऊल उचलायच्या. मूलबाळ नसलेल्या घरात हा कुत्रा काय होता ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही.

भात कापून झालं होतं, थंडी पडायला लागली होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. त्या सकाळी दाखूबाईंनी पळसाखाली उंदीर सोडला आणि पाठ फिरवली, तर मुनीम बरोबर नाही. पाहतात तो खालच्या घरामागे, भाताच्या पेंढ्यांजवळ तो काहीतरी खात होता. दाखूबाईंना बरंच वाटलं. आज कुणी तरी याला भाकरी टाकली म्हणायची. "चाल रे," त्यांनी हाक मारली. तो जिभल्या चाटत आला आणि दोघं घरी परतले.

ते घर मार्थाचं होतं. मार्था दाखूबाईंपेक्षा पंधराएक वर्षांनी लहान. नवरा ऊसतोडीला गुजरातकडे गेलेला, थोडी भाताची शेती, आणि हंगामात ती शेठच्या दुकानात धान्य निवडायला यायची. रविवारी चर्चला जायची, बाकीचे सहा दिवस सुपाशी असायची. बोलायची कमी. त्या दिवशी मात्र ती दुकानात आली तीच बडबडत.

"माले काल रातले इतला राग उना," सूप हातात घेत ती म्हणाली. "नवं भात कणगीमां भरं, ते निम्मं उंदरंसनी फोली टाकं. कोठून येतस काय माहीत. मांजरी एकली कितला मारी? शेवट काल काळी पूड लई उनू, पीठना गोळा करात, आन् कणगीजोडे, पेंढ्यासजोडे ठी दिधात. आते खावा म्हणा."

दाखूबाई चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. कप हातातच राहिला.

"पेंढ्यासजोडे?" त्यांनी विचारलं.

"हां. घरना मांगे."

मुनीम दुकानाच्या पायरीवर उन्हात पडला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं तशी त्याने शेपटी हलवली. काही झालं नव्हतं त्याला. हेच जास्त भयंकर होतं. धडधाकट जनावर शेपटी हलवतंय, आणि त्याच्या पोटात काय आहे ते फक्त आपल्याला ठाऊक.

"मुनीमनी खादं," त्या म्हणाल्या. "आते, सकायले. मी देखं. मन्हा डोयासमोर खादं." आणि तिथेच धान्याच्या पोत्यावर बसल्या.

मार्थाने तोंडावर हात ठेवला. शेठ गादीवरून उठले. पुढचा थोडा वेळ दुकानात जो गोंधळ माजला तो सांगायचा तर हसू येईल, पण तेव्हा कुणाला हसू येत नव्हतं. शेठ मारवाडीत ओरडले, घी पाजो, घी! विषावर तूप हा त्यांच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा उपाय. दाखूबाई धडपडत आत गेल्या, वाटीभर तूप गरम करून आल्या. तुपाच्या वासाने मुनीम उठून उभा राहिला आणि आनंदाने वाटीकडे बघू लागला. इकडे मार्थाने मिठाच्या पोत्यातून मूठभर मीठ काढून तांब्यात टाकलं. "आमना पाडामां कोणी फवारणीनं औषध पिधं ते मीठनं पाणी पाजतस. सगळं भाहेर येस." शेठ म्हणाले, आधी तूप. मार्था म्हणाली, आधी मीठ. दाखूबाई वाटी घेऊन दोघांच्या मधे उभ्या होत्या, आणि कुत्रा बिचारा मेजवानी आहे असं समजून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होता.

दोघांना जे सुचलं नाही ते या घाबरट बाईला सुचलं. कदाचित घाबरट होती म्हणूनच. दुसऱ्यांना आपण करतोय ते बरोबरच असं वाटतं. दाखूबाईंना जन्मात कधी तसं वाटलं नव्हतं. आपलं चुकलं तर, ही शंका त्यांच्या मनात कायमची मुक्कामाला होती. "ठहरो," त्या म्हणाल्या, "डॉक्टरबाईले पूछो."

डॉक्टरबाई म्हणजे लिडिया गावित. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होत्या, नवापूरला. महाजनांच्या पांजरापोळीत गाई तपासायला यायच्या, म्हणून नंबर शेठच्या फोनमध्ये होता. शेठनी नंबर लावला, फोन दाखूबाईंच्या हातात कोंबला आणि हातात काहीतरी काम असावं म्हणून तराजूभोवती फिरू लागले.

"काकी, रडू नका, आधी सांगा," पलीकडून आवाज आला. "उभा आहे का तो? चालतोय? डुलत नाही ना? झटके?"

"नही. शेपटी हलावस."

"चांगलं. खाऊन किती वेळ झाला?"

"मी देरासरमांथी उनू, उंदीर सोडा... तासभर नही व्हयना."

"पूड कुठली? काळी? लसणासारखा वास येतो ती?"

दाखूबाईंनी मार्थाकडे पाहिलं. मार्थाने मान हलवली.

"हां. तीच."

डॉक्टरबाई आता सावकाश, एकेक शब्द तोडून बोलू लागल्या, जसं घाबरलेल्या गुराशी बोलतात. "नीट ऐका. तूप द्यायचं नाही. दूध नाही. भाकरी नाही. त्या पुडीचा पोटात विषारी वायू होतो, आणि तूप-दुधाने ते विष आणखी अंगात भिनतं. तूप दिलं का?"

"वाटी हातमां शे."

"ठेवून द्या. मिठाचं पाणी?"

"तांब्या मार्थाना हातमां शे."

"ओतून टाका. कुत्र्याला मीठ पाजलं तर विषाआधी मीठच मारेल. घशात बोटं घालू नका. मी सध्या लसीकरणाला एका पाड्यावर आहे, लगेच नवापूरला निघते. पण तुम्ही तिथपर्यंत येईस्तोवर वेळ जाईल. तो शुद्धीवर आहे, नुकतंच खाल्लंय, म्हणून आपण त्याला घरीच उलटी करवू. मी सांगते तसंच. एक थेंब जास्त नाही. वजन किती त्याचं?"

वजन म्हटल्यावर शेठना आपला प्रांत मिळाला. मुनीमला त्यांनी सरळ धान्याच्या काट्यावर बसवलं. उन्हाळ्यात काट्याचा पत्रा गार लागतो म्हणून तो एरवीही तिथेच लोळायचा. तो शहाण्यासारखा बसला. "चौदा किलो दोनशे," शेठ ओरडले.

"दोनशे सोडा, शेठ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता मेडिकलमध्ये पळा. जखम धुवायचं औषध असतं, टाकलं की फेस येतो ते, हायड्रोजन पेरॉक्साइड. आणि सुई नसलेली सिरिंज."

चंपालाल शेठना पेठेतून पळताना पाहिल्याचं सांगणारी माणसं आजही खांडबाऱ्यात आहेत, आणि त्यांतली निम्मी खोटं बोलत नाहीत. शेठ धापा टाकत बाटली घेऊन आले. दाखूबाई झाकण उघडायला गेल्या तर फोनमधून आवाज आला, "थांबा. बाटलीवर टक्के किती लिहिलेत ते वाचा." शेठनी चष्मा वर-खाली करून वाचलं. सहा.

"आपल्याला तीन हवं. म्हणजे औषध आणि पाणी सारखंच. सहाचं तसंच पाजलं असतं तर पोट भाजलं असतं. एका वाटीत थोडं औषध, तेवढंच पाणी. त्यातलं चौदा मिली. सिरिंजवर रेघा आहेत."

हे सगळं करताना दाखूबाईंच्या मनात एकच होतं: हात थरथरून रेघ चुकली तर. त्यांनी भरलेली सिरिंज उजेडात धरली, शेठनी पाहिली, मार्थाने पाहिली, आणि तिघांनीही मान हलवल्यावरच त्या पुढे झाल्या.

"घरात नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मोकळ्यावर न्या. उलटी होईल तेव्हा वारा तुमच्या पाठीकडून पाहिजे. वाकून वास घ्यायचा नाही, त्यातून तोच वायू बाहेर पडतो. माणसालाही त्रास होतो. आणि डोकं वर करून घशात ओतू नका, छातीत जाईल. गालाच्या कडेने, थोडं थोडं, त्याला गिळू द्या."

दुकानामागच्या मोकळ्या जागेत मार्थाने मुनीमला मांडीत धरलं. दाखूबाईंनी त्याचा गाल बोटाने बाजूला केला. इतकी वर्षं त्याला भरवलं होतं. तोंड उघडायला त्याने जराही कुरकुर केली नाही. शेठाणीच्या हातून आलेलं वाईट कसं असेल? औषध आत गेलं तसं त्याने तोंड वेडंवाकडं केलं आणि दाखूबाईंकडे असं पाहिलं की त्यांना रडू फुटलं. "माफ कर रे बाबा," त्या पुटपुटल्या, आणि उरलेलं थेंब थेंब सोडत राहिल्या.

मग वाट पाहणं. त्याला हळूहळू फिरवा, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मुनीम फिरत होता आणि दाखूबाई त्याच्यामागे फिरत होत्या. काहीच होत नव्हतं. नवकार मंत्र म्हणावा तर ओळी विसरत होत्या. इतकी वर्षं पाठ असलेला मंत्र त्या जागी धड आठवेना. त्यांच्या डोळ्यांपुढे संध्याकाळ दिसत होती, रिकामी पायरी दिसत होती, उद्याची सकाळ दिसत होती आणि रुळापलीकडे आपल्यासाठी थांबलेलं कुणीच नाही, हे दिसत होतं. माणसाला भीती वाटते तेव्हा ती पुढचं सगळं आधीच जगून घेते. मार्था भिंतीला टेकून खाली पाहत होती.

मुनीम थांबला. त्याचं पोट आत-बाहेर झालं. मान लांब करून तो ओकला, पुन्हा ओकला. पांढरा फेस, कालची पोळी आणि तिच्यात काळ्या पिठाचे न विरघळलेले तुकडे. लसणाचा उग्र दर्प आला. "मांगे व्हा," दाखूबाई ओरडल्या. त्या आयुष्यात पहिल्यांदा कुणावर तरी ओरडल्या असतील. शेठनी लांबूनच फावड्याने माती टाकली, म्हणजे कुत्रा परत तोंड घालणार नाही.

"झालं ना? छान. आता त्याला घेऊन या, पुढचं मी बघते," डॉक्टरबाई म्हणाल्या. शेठ जीप बघायला गेले. दाखूबाई मुनीमच्या गळ्यात पडून रडत होत्या, आणि अजून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं की मार्था जागेवर नाही.

मार्था त्या आनंदात नव्हती. तिला एक गोष्ट आठवली होती. तिची मांजर, काबरी, सकाळी चुलीजवळ आली नव्हती. रोज येते. तिने अर्धी उरलेली बाटली आणि सिरिंज उचलली आणि ती पळत सुटली होती. दाखूबाईंनी रिकामी जागा पाहिली, बाटली नाही हे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. जीप बघणाऱ्या शेठना "मार्थानी मांजरी!" असं ओरडून सांगत, फोन हातात धरून त्याही धावल्या. रूळ आला कधी आणि मागे पडला कधी ते त्यांना कळलंसुद्धा नाही. दोन्हीकडे बघायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

काबरी कणगीखाली अंधारात होती. तोंडातून लाळ गळत होती. मार्थाने तिला बाहेर ओढलं तर ती उभी राहायला गेली आणि मागच्या पायांवर डुलून बाजूला पडली. शेजारी एक अर्धवट खाल्लेला उंदीर होता.

मार्था वाटीत औषध ओतत होती. पाणी सारखंच घातलं, तसंच, सांगितल्याप्रमाणे. दाखूबाईंनी फोन लावला. स्वतः लावला.

"नाही!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "मांजरीला ते औषध नाही, काकी. कुत्र्याला चालतं ते मांजरीच्या पोटात जखमा करतं, रक्त येतं. मांजरीला उलटी करवायची सुई वेगळी, ती दवाखान्यातच. आणि डुलतेय म्हणालात ना? डुलणाऱ्या जनावराला, कुत्रा असो की मांजर, उलटी करवायचीच नसते. सगळं छातीत जाईल. काही पाजू नका. उबेत ठेवा आणि घेऊन या."

दाखूबाईंनी ते सांगितलं. मार्थाच्या हातात सिरिंज भरलेली होती.

"तुन्हा कुत्रा वाचना," ती म्हणाली. एरवी ती तुमना म्हणायची. "तुन्हा कुत्राले चालस, आन् मन्ही मांजरीले नही?"

"डॉक्टरबाई सांगस..."

"डॉक्टरबाई तठे शे. मांजरी आठे मरी ऱ्हायनी."

समोरची बाई रागाने आणि भीतीने वेडी झालेली, आणि तिचं म्हणणं किती खरं वाटत होतं. आत्ताच तर आपण हेच केलं आणि जीव वाचला. एकदा चाललेला उपाय दुसऱ्यांदा का चालणार नाही? डॉक्टरबाई चुकत असतील तर? पण आपण चुकत असलो तर, ही त्यांची जुनी सोबतीण शंका पुन्हा उठून बसली. त्यांनी मार्थाचा हात धरला, सिरिंज काढून घेतली, आणि बाटली उचलून उरलेलं सगळं औषध अंगणात ओतून दिलं. मातीवर फेस आला. मार्था त्या फेसाकडे पाहत राहिली, आणि मग मांजरीला पदरात घेऊन खाली बसली.

जीप आली. काबरीला कशात न्यायचं, तर शेठनी घाईत गोदामातला तोच तारेचा पिंजरा आणला होता. त्यात दाखूबाईंनी ओढणीची घडी घातली आणि वर अंधार करायला स्वतःची शाल टाकली. जीप निघाली. मागे दोघी, मध्ये पिंजरा, पायाशी मुनीम. शेठ पुढे बसले होते आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी भाडं ठरवलं नव्हतं.

चिंचपाडा मागे पडलं. शालीखालून श्वासाचा बारीक आवाज येत होता. तो आवाज ऐकता ऐकता दाखूबाईंना राहवेना.

"मार्था, ते उंदीर... तुन्हा घरमां येतस ते. मी सोडस तठे. रोज. पळसजोडे."

मार्था पिंजऱ्यावरचा हात न काढता म्हणाली, "माले ठाऊक शे."

"ठाऊक शे? कव्हयपाईन?"

"पहिलेपाईन. तुम्ही 'जा रे बाबा' सांगतस ते मी रोज आयकस." शालीचं टोक सारखं करत ती म्हणाली, "म्हणूनच ते मांजरी पाळी. ती ज्वान व्हती तवलोंग मी काही बोलनू नही. तुमनं काम करस. काय बोलू? आते ती बी म्हातारी व्हयनी, उंदरं सरत नहीत. म्हणून पूड लई उनू."

दाखूबाईंनी आयुष्यभर जपलेला हिशेब एकदम उलटा झाला होता. त्यांनी सोडलेला एकही उंदीर सुखी राहिला नव्हता. या मांजरीने तो खाल्ला होता, आणि उरलेल्यांनी हिचं भात खाल्लं होतं. त्या रोज पाठ फिरवत होत्या, आणि त्या पाठीमागे हे सगळं चाललं होतं.

डॉक्टरबाई दवाखान्याच्या ओट्यावरच उभ्या होत्या. त्यांनी आधी पिंजरा उघडला. टेबलावर ठेवल्यावर काबरीला एकदा जोराचा झटका आला. डॉक्टरबाईंनी सुई भरली, दिली, छातीला हात लावून उभ्या राहिल्या. मग हात काढून घेतला.

"रात्रीच खाल्लं असणार," त्या मार्थाला म्हणाल्या. "तू काही पाजलं नाहीस ना? मग तू तिला जास्त त्रास दिला नाहीस. एवढंच आपल्या हातात होतं."

मार्था रडली नाही. ती मांजरीच्या कानामागे खाजवत राहिली, जिवंत असताना खाजवायची तशी. दाखूबाई तिच्यासमोर आल्या. पर्युषणाच्या शेवटी संवत्सरीला त्या पेठेत घरोघर जाऊन मिच्छामि दुक्कडम, म्हणजे चुकलं-माकलं माफ करा, असं म्हणायच्या, हात जोडून, हसत, मिठाई देत. आज सणाचा दिवस नव्हता. त्यांनी हात जोडले आणि ते शब्द म्हटले. मार्थाला त्याचा अर्थ माहीत नव्हता, किंवा माहीत होता. "चाला," ती म्हणाली, "मुनीमले देखाडा. हिले मी घर लई जासू."

मुनीम वाचला. दोन-तीन दिवस मलूल पडला, मग पायरीवर येऊन बसला. उरलेले गोळे मार्थाने खोल पुरून टाकले. शेठनी झाकणाची पत्र्याची कोठी तिच्या घरी पाठवली. तिच्यात उंदीर शिरत नाही. आणि सवयीने गोदामात पिंजराही परत लावला. मांजरीच्या वासाने काही दिवस एकही उंदीर त्याच्याकडे फिरकला नाही. मग वास विरला, आणि एका सकाळी त्यात एक लठ्ठ उंदीर मिशा हलवत बसला होता.

दाखूबाईंनी ओढणी टाकली आणि निघाल्या. मुनीम पुढे गेला, रूळ ओलांडून थांबला, मागे वळून पाहू लागला. दाखूबाई रुळाच्या अलीकडेच उभ्या राहिल्या. समोर पळस होते, खाली मार्थाचं घर. डावीकडे शाळा, पोरांचा खिचडीचा तांदूळ. उजवीकडे दुसरा पाडा. नाल्यापलीकडे कुणाचं तरी खळं. त्यांनी सगळीकडे पाहिलं. जिथे कुणाचंच घर नाही अशी जागा कुठेच दिसत नव्हती.

त्या परत फिरल्या. दुकानात आल्या, गादीसमोरून थेट गोदामात गेल्या, ओढणी काढली आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. शेठनी दोन्ही पाय गादीवर ओढून घेतले. "शेठाणी! ओ कांई कर्‍यो?"

"आपला उंदीर शे," दाखूबाई म्हणाल्या. "आपलंच खाई."

धान्य निवडत बसलेल्या मार्थाने सूप जरा बाजूला घेतलं आणि वाट करून दिली. उंदीर आधी बिचकला, मग भिंतीच्या कडेने पळाला, गव्हाच्या थप्पीमागे गेला, पुन्हा दिसला आणि कोपऱ्यातल्या बिळात शिरला. दाखूबाई दारातच उभ्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी उंदीर कुठे जातो ते शेवटपर्यंत पाहिलं.